किनाऱ्यावर सापडलेली पांढरी चादर

दांडीच्या किनाऱ्यावर सापडलेली ती चादर मला अजून विसरता आलेली नाही. सेवेत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, कारखान्यांतल्या आगींत होरपळलेली माणसं रुग्णवाहिकेत चढवली. त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. या प्रकरणात कोणी मेलं नाही, कोणाला शिक्षा झाली नाही, आरोपपत्रसुद्धा गेलं नाही. तरीही ते आठवलं की मान आपोआप खाली जाते. यातली माणसं आजही याच पालघर जिल्ह्यात राहतात, म्हणून कोणाचं नाव लिहीत नाही.

त्या वेळी मी बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. आमच्या हद्दीचे दोन तुकडे होते. एका बाजूला कारखाने, म्हणजे भंगाराच्या चोऱ्या, कामगारांच्या खोल्यांतल्या मारामाऱ्या, ट्रकचे अपघात. दुसऱ्या बाजूला समुद्र, म्हणजे बोटींची नोंद, किनाऱ्यावर फिरणाऱ्या अनोळखी माणसांची चौकशी, मच्छीमारांच्या बैठका. ठाण्यात आलेला माणूस कुठल्या बाजूचा आहे हे त्याच्या बसण्यावरून कळायचं. कामगार बाकाच्या टोकावर बसून शिफ्टची वेळ बघत राहायचा. किनाऱ्यावरचा माणूस निवांत टेकून बसायचा, पण भरती लागायच्या आत त्याला सोडावं लागायचं.

एका सकाळी हजेरी चालू असताना हद्दीतल्या दांडी गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. बोंबील वाळत घालायला निघालेल्या एका बाईला खडकांत अडकलेली प्लास्टिकची पिशवी सापडली होती. काही कामाचं असेल म्हणून तिने गाठ सोडली, तर आत रक्ताने भिजलेली पांढरी चादर. पाटलाने शहाणपण करून कोणाला हात लावू दिला नव्हता.

मी दोन अंमलदार घेऊन निघालो. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि अर्धं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. ती बाई लांब एका होडीला टेकून उभी होती. तिचा जबाब मी तिथेच घेतला. ती म्हणाली, "नवी कोरी चादर हाय साहेब. एकदा पन धुतलेली नाय. अशी चादर कोन टाकील? मला वाटला, खाली बाई पन असेल."

सगळ्यांच्या मनात तेच होतं. पंच बोलावून पंचनामा केला, चादर सीलबंद केली. फॉरेन्सिकची गाडी आली. रक्त माणसाचं आहे, एवढं त्यांनी तिथेच सांगितलं; बाकीचा अहवाल प्रयोगशाळेतून यायला वेळ लागणार होता. गावातल्या लोकांनी आपणहून दोन होड्या काढल्या आणि खाडीच्या तोंडापर्यंत शोध घेतला. हाती काही लागलं नाही. आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांकडून बेपत्ता व्यक्तींची माहिती मागवली. दवाखाने विचारले. चादरीशी जुळेल असं एकही माणूस हरवलेलं नव्हतं. कोणी हरवल्याची तक्रारच नसली की तपास फार अवघड होतो. मढं असलं तर ओळख पटवता येते. इथे नुसतं रक्त होतं.

बातमी पसरली तेव्हा ठाण्यात फोन सुरू झाले. नेहमीप्रमाणे त्यांतले बहुतेक निकामी होते. एक फोन मात्र मी स्वतः घेतला. बोलणारा उत्तर भारतातला कामगार होता, नाव सांगायला तयार नव्हता. बोईसरच्या एका इमारतीत तो तळमजल्यावर भाड्याने राहत होता. दबक्या आवाजात तो म्हणाला, "साहब, ऊपर वाले के यहाँ अभी शादी हुई है। दुल्हन दिखाई नहीं दे रही। और आदमी लँगड़ा के चल रहा है।" एवढं बोलून त्याने फोन ठेवला. खबर देणाऱ्याने कमी बोलावं आणि पाहिलं तेवढंच सांगावं, असं मी नव्या अंमलदारांना नेहमी सांगत असे. या माणसाने नेमकं तसंच केलं होतं.

मी साध्या कपड्यांत गेलो, सोबत आमच्या ठाण्यातल्या एक महिला हवालदार होत्या. सबंध प्रकरणात त्यांची मला मोठी मदत झाली. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दारावरचं लग्नाचं तोरण अजून उतरवलेलं नव्हतं. घर मूळ घाटावरचं. वडील नोकरीसाठी इकडे आले, इथेच स्थिरावले आणि काही वर्षांपूर्वी वारले. आता आई आणि मुलगा. मुलगा एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर. आईने आम्हाला पाणी दिलं आणि सून माहेरी केळव्याला गेली आहे असं सांगितलं. नव्या सुनेने इतक्या लवकर माहेरी जायचं काही कारण? "जाऊन येते म्हणाली," एवढंच त्या बोलल्या. हवालदारबाईंनी आतली खोली पाहिली. कपाटाच्या फळीवर मुलीचा मोबाईल बंद पडलेला होता. आजकाल माणूस माहेरी जाताना साडी विसरेल, मोबाईल विसरणार नाही.

तिथूनच मी मुलीच्या वडिलांना फोन लावला. मुलगी आहे का, विचारलं. त्यांनी आधी कोण बोलतंय ते दोनदा विचारलं. मग ते म्हणाले, "नाय. इथं नाय आली."

मुलाला कारखान्यातून बोलावून घेतलं. तिशीच्या आतला, अंगाने मजबूत, उजवा पाय जपून टाकत आला. चादरीचा फोटो त्याच्यासमोर ठेवला तेव्हा त्याने नाकारलं नाही.

"आमचीच आहे."

"रक्त कोणाचं?"

"माझं."

"आणि बायको कुठे आहे?"

त्यानंतर बराच वेळ मी जे जे विचारलं त्याला त्याचं एकच उत्तर होतं, की मला अटक करा. सेवेत मी शेकडो माणसांची चौकशी केली असेल. खोटं बोलणारा माणूस तपशील देतो. कुठे होतो, कोणाबरोबर होतो, काय खाल्लं, सगळं न विचारता सांगतो. हा काहीच सांगत नव्हता. त्याची मान छातीवर टेकलेली होती. गुन्हेगाराची मानही खाली असते आणि लाजलेल्या माणसाचीही. दोघांना सारखं धरलं की तपास चुकतो. पण त्या वेळी माझ्यासमोर रक्ताची चादर होती, बंद मोबाईल होता, माहेरी न पोचलेली मुलगी होती, आणि अटक करा म्हणणारा नवरा होता. दुसऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याने जो निष्कर्ष काढला असता तोच मी काढला.

जखम कुठे आहे ते तो दाखवेना. वैद्यकीय तपासणीसाठी त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या वैद्यकीय अधिकारी मध्यमवयीन बाई होत्या, बोलायला रोखठोक. तपासून त्या बाहेर आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मांडीच्या आतल्या बाजूला पात्याची सरळ खोल चीर आहे, तिच्या शेजारी दोन-तीन बारीक ओरखडे आहेत. म्हणजे आधी धीर झाला नाही आणि मग एकदम जोर दिला. जखम त्याची त्यानेच केली आहे. टाके पडायला हवे होते, ते त्याने घालून घेतले नाहीत, म्हणून पू झाला आहे.

झटापटीत अशी जखम होत नाही. चादरीवरचं रक्त त्याचंच होतं, हे खरं निघालं. पण कोणी स्वतःच्या मांडीत पातं का खुपसेल, हे मला त्या घटकेला सुचलं नाही. महिला हवालदारांना सुचलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, चादर पांढरी आहे. लग्न नुकतंच झालंय."

मी परत आत गेलो. डॉक्टरांनी जखम बांधली होती आणि तो खाटेवर बसला होता. अंमलदाराला बाहेर जायला सांगितलं, खुर्ची ओढून समोर बसलो. या वेळी चादरीबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "तू तिला मारलंस का?"

"माहीत नाही, साहेब."

"माहीत नाही म्हणजे काय?"

"ती जिवंत असेल, तर नाही."

आणि मग तो बोलायला लागला. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबवावं लागलं नाही.

लग्नानंतर पूजा झाली, पाहुणे होते. त्या संध्याकाळी आईने आतल्या खोलीतल्या पलंगावर नवी पांढरी चादर अंथरली. मावशी आणि आत्या दारात उभ्या होत्या. आई एवढंच म्हणाली की चादर सकाळी मी उचलीन, सूनबाईला हात लावू देऊ नकोस. दुसरं कोणी काही बोललं नाही. त्याच्या घरात या विषयावर कधीच कोणी बोललं नव्हतं. पण गावाकडे कोणाच्या तरी लग्नानंतर बायका काय कुजबुजल्या होत्या, कारखान्यातले मित्र चहाच्या टपरीवर काय हसले होते, ते सगळं त्याच्या डोक्यात कुठेतरी साठलेलं होतं. पहाटे तो उठला. चादर कोरी होती. बायको झोपली होती.

दाढीच्या पात्याने थोडंसं करायचं असं त्याने ठरवलं होतं. आधी नुसते ओरखडे उठले, मग जोर दिला आणि पातं खोल गेलं. रक्त थांबेना. चादर इतकी भिजली, की ती पाहून कोणीही खून झाला म्हणालं असतं. बायको जागी झाली ती त्याला रक्तात बसलेला पाहूनच. त्याने जखमेवर टॉवेल आवळला, कपाटातून आहेरात आलेली दुसरी पांढरी चादर काढली, तिच्यावर एक डाग पाडला आणि अंथरली. पहिली पिशवीत कोंबली. आई उठली तेव्हा ती डाग पडलेली चादर घेऊन गेली आणि खुशीत होती. पाहुण्यांना गोड वाढलं गेलं. पिशवी त्याने शिफ्टला जाताना मोटारसायकलवरून दांडीला नेऊन समुद्रात टाकली. समुद्राने ती घेतली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तो कामावरून आला तर बायको घरात नव्हती. त्याने केळव्याला फोन केला. सासरे म्हणाले, इथे आली नाही. तो जवळच्या नवापूर गावच्या किनाऱ्यावर गेला, दांडीला गेला, केळव्याच्या किनाऱ्यावरही जाऊन आला. सासऱ्यांच्या दारात जायचं मात्र त्याला धैर्य झालं नाही. ती समुद्रात गेली, असं त्याने मनाशी धरलं होतं.

मी त्याला विचारलं, की मग तक्रार का नाही दिलीस? बायको हरवली तर माणूस आधी ठाण्यात येतो.

"तुम्ही विचारलं असतं, का गेली. मग मला सांगावं लागलं असतं."

आपली बायको बुडाली असं ज्याला वाटत होतं, तो तिचा शोध घ्या म्हणायला आला नव्हता. शोध घ्या म्हटलं तर एक वाक्य उच्चारावं लागलं असतं, ते त्याच्याने होत नव्हतं. खुनाच्या आरोपात आत जायला तो तयार होता.

आम्ही लगेच केळव्याला निघालो. दिवस सुट्टीचा होता. रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची गर्दी, किनाऱ्याकडे जाणारे घोडे, नारळपाण्याच्या गाड्या. मुलीच्या वडिलांची पोफळीची आणि नारळाची वाडी होती, वाडीतच पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात पाहुण्यांची पंगत जेवत होती. गाडी आम्ही लांब लावली होती, तरी वडिलांनी ओळखलं. ते घाईने पुढे आले आणि आम्हाला अंगणाच्या कडेला, विहिरीपाशी नेलं. घामाघूम झाले होते.

मी म्हटलं, की तुमची मुलगी हरवली आहे आणि तिच्या घरची रक्ताची चादर समुद्रात सापडली आहे. तुम्हाला ठाऊक असेल ते सांगा. त्यांनी पंगतीकडे पाहिलं, मग पायाकडे. "आमाला काय ठाव नाय, साहेब. ती इथं नाय."

हवालदारबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या ओसरीत उभ्या असलेल्या आईकडे बघत होत्या. रक्ताची चादर म्हटल्यावर जिची मुलगी खरोखर हरवली असेल ती आई जागेवर उभी राहत नाही. या आईने फक्त पदर तोंडाशी धरला आणि डोळे वर, माळ्याकडे गेले. हवालदारबाई काही बोलणार तोच लाकडी जिन्यावर पावलं वाजली. मुलगी स्वतःच खाली उतरून आली. साधा पंजाबी ड्रेस, हातात अजून हिरवा चुडा. अंगण ओलांडून आमच्यापुढे येऊन उभी राहिली.

"मी इथे आहे. मला कोणी मारलेलं नाही."

वडील मटकन विहिरीच्या कठड्यावर बसले. पंगतीतल्या पाहुण्यांनी जेवण थांबवलं होतं.

घरात गेल्यावर तिने जबाब दिला. हवालदारबाई शेजारी बसल्या, मी दारापाशी. मुलगी एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत होती. स्थळ दोन्ही घरांच्या ओळखीतल्या माणसाने सुचवलेलं; ती दोघं दोन-तीनदा भेटली होती, तिला तो आवडला होता. त्या पहाटे तिला आधी वाटलं, की त्याला काहीतरी भयंकर दुखापत झाली. दवाखान्यात जाऊ म्हणून ती उठली, तेव्हा त्याने तिचा हात धरला आणि सांगितलं, की घाबरू नकोस, मी कोणाला कळू देणार नाही, तुझं मागचं काही असेल तर मी कधी विचारणारही नाही. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की हे चाललंय काय.

"नंतर तो माझ्याशी फार चांगला वागला, साहेब. येताना गजरा आणायचा. पाणी हातात द्यायचा. आजारी माणसाशी वागतात तसं. सासूबाई खूश, पाहुणे खूश. त्याने मला माफ केलं होतं. मी काय केलं होतं?"

एका दुपारी सासूबाई देवळात गेल्या असताना ती निघून आली. मोबाईल मुद्दाम ठेवून आली, कारण त्याचे प्रेमाचे मेसेज तिला वाचवत नव्हते. माहेरी आल्यावर वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिला माळ्यावर बसवलं. पाहुणे आहेत, गावात कळेल, धाकटीचं लग्न व्हायचंय. जावयाचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, नाही आली. माझा आला तेव्हाही तेच.

आता तिची आई पुढे झाली आणि मला समजावू लागली, की पोरगी शाळेत कबड्डी खेळायची, तालुक्याला जायची, पडायची, म्हणून तसं झालं असेल, साहेबांनी तसं लिहून घ्यावं. मुलगी पहिल्यांदाच कठोर झाली.

"आई, कबड्डीचं सांगू नकोस. मी खेळले म्हणून सुटणार असेन, तर जी खेळली नाही तिने काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. बेपत्ता व्यक्तीचा आणि चादरीचा विषय कागदावर मिटवायचा होता, त्यासाठी सगळ्यांचे जबाब लागणार होते. मुलाने तिला माझ्या खोलीत बसलेली पाहिलं आणि दारातच भिंतीला धरून उभा राहिला. ती जिवंत आहे हे मी त्याला आदल्या दिवशीच कळवलं होतं. तरी डोळ्यांनी पाहिल्यावर तो हमसून रडला. त्याची आई खुर्चीत ताठ बसली होती. डाग पडलेली चादर तिने पाहुण्यांदेखत उचलली होती आणि आता तिला कळत होतं, की ते रक्त तिच्या मुलाचं होतं. मी तिला विचारलं, की तुम्ही मुलाला काय सांगितलं होतं? ती म्हणाली, मी काहीच सांगितलं नव्हतं, आमच्यात पांढरी चादर घालतात, माझ्या सासूने माझ्या वेळी घातली होती. बोलता बोलता ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. ती रात्र तिलाही आठवली असावी. पुढे मी तिला काही विचारलं नाही.

मग मुलीच्या वडिलांनी हात जोडले. म्हणाले, साहेब, एक उपकार करा. सरकारी डॉक्टरीणबाईंकडून पोरीची तपासणी करून घ्या आणि लिहून घ्या. म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको.

मी त्यांना सांगितलं, की अशी तपासणी कायद्यात बसत नाही, न्यायालयांनी ती केव्हाच चुकीची ठरवली आहे आणि कुठलाही शहाणा डॉक्टर ती करणार नाही. सगळं कळल्यावर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलाला जे म्हणाल्या होत्या तेही सांगितलं. कितीतरी जणींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही, आणि शरीर पाहून या गोष्टीचा निवाडा करता येत नाही. मुलगा मान खाली घालून म्हणाला, की हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं.

मुलीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती वडिलांकडे वळली.

"बाबा, तपासणीत काय निघालं, तर तुम्ही मला माळ्यावरून खाली येऊ द्याल?"

वडिलांचे जोडलेले हात तसेच राहिले, थोड्या वेळाने ते मांडीवर पडले.

मग तिने नवऱ्याला विचारलं, आवाज न चढवता. "रक्त कोणासाठी काढलंस?"

तो म्हणाला, "तुझ्यासाठी." आणि लगेच, कोणी काही म्हणायच्या आत, "नाही. माझ्यासाठी. लोक मला हसतील म्हणून."

त्या खोलीत त्या दिवशी कोणी खरं बोललं असेल, तर हे एवढंच. तिने मान हलवली. ती म्हणाली, की तू मला एकदा विचारलं असतंस तर मी काय सांगितलं असतं, ते आता मी कधीच सांगणार नाही. कोणालाच सांगणार नाही. आई-बाबांनाही नाही, कोर्टातही नाही. तुम्ही सगळ्यांनी जे समजायचं ते समजा.

तिला तक्रार द्यायची नव्हती. मी तिला कायद्यातले मार्ग समजावून सांगितले, तिने ते शांतपणे ऐकले आणि नको म्हणाली. जबाब झाले, सह्या झाल्या. दांडीच्या त्या बाईला मी निरोप पाठवला, की कोणी मेलेलं नाही. तिने देवीला नारळ फोडल्याचं पाटलाकडून कळलं. या सबंध प्रकरणात निव्वळ जिवाच्या काळजीने वागलेली ती एकटीच होती. बाकी सगळ्यांना पहिली काळजी दुसरीच होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. मुलगा आईला घेऊन केळव्याला गेला होता. वाडीच्या अंगणात उभा राहून त्याने सासऱ्यांना आणि जमलेल्या नातेवाइकांना सगळं सांगितलं, चादर कोणी का रंगवली तेही. तुमच्या मुलीकडून काही चुकलं नव्हतं, असं म्हणाला, आणि आधीचं काही असतं तरी ती चूक ठरवणारा मी कोण, असंही म्हणाला. परत चल म्हणाला नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्याला मानतो. ती परत गेलीही नाही. संमतीने दोघं वेगळी झाली. ती पालघरला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहिली, नोकरी पुन्हा धरली. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा अशी चादर अंथरायची नाही, हा विषय तिने बहिणीच्या सासरच्यांपुढे स्वतः काढला, असं मला हवालदारबाईंनी सांगितलं. त्यांचा आणि तिचा संबंध राहिला होता.

निवृत्तीनंतर एकदा केळव्याला गेलो असताना तिचे वडील भेटले. पार थकले होते. बळेच घरी नेलं, शहाळं फोडलं. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "मुलगी येते, बोलते, समदा करते. पन साहेब, तुमी इचारला तवा ती वर बसलेली. मी बोललो, इथं नाय. तिनं आयकला." मी शहाळं संपवलं आणि उठलो. अशा माणसाला काय सांगून धीर द्यायचा, ते पोलीस खात्यात शिकवत नाहीत.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारतं. खुनाच्या तपासात आपण हुकूम कोणी दिला ते शोधतो. इथे तसा माणूस सापडला नाही. आई म्हणाली, मी काही सांगितलं नाही, आणि ते खरं होतं. मावशी-आत्या नुसत्या दारात उभ्या होत्या. मित्र टपरीवर नुसते हसले होते. वडिलांनी पाहुण्यांना आणि गावाला काही कळू नये एवढंच पाहिलं. तरी एका मुलाने स्वतःच्या मांडीत पातं खुपसलं आणि एक जिवंत मुलगी दोन घरांनी मिळून नाहीशी केली. कोणावर कलम लावायचं?

आणखी एक सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. ही हकीकत मी आजवर मोजक्या माणसांना सांगितली आहे. सगळे शिकलेले, समजूतदार. ऐकताना हळहळतात, सासूला दोष देतात, बापाला देतात. आणि शेवटी, घरातल्या बायका आत गेल्या की, कोणीतरी आवाज खाली आणून विचारतंच: पण साहेब, खरं काय होतं? म्हणजे ती मुलगी...

त्यांना मी बोल लावत नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला केळव्याहून ठाण्यात आणताना गाडीत तोच प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता. शेजारी हवालदारबाई बसल्या होत्या, समोर ती मुलगी हिरवा चुडा हातांवरून उतरवत होती, आणि मी मनातल्या मनात तेच विचारत होतो जे तिला सगळं जग विचारत होतं. लाज वाटून मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

ते मी तिला विचारलं नाही, एवढंच मी त्या लोकांना सांगतो. ते माझ्याकडे असे बघतात, जणू माझा तपास अर्धवट राहिला. तो तिथेच पूर्ण झाला होता.